मौजे १९२.१६८.०, पेठ सदाशिव

खेळ म्हणजे मुक्त, निर्हेतुक आणि सर्व नियमांच्या जाचातून सुटलेली क्रीडा, अशी जी एक गोड समजूत कवींनी आणि बालशिक्षणतज्ज्ञांनी जनमानसात रुजवून ठेवली आहे, ती, घरातल्या घरात चार संगणक तारेने जोडून मुलांना एकमेकांशी युद्ध खेळू देण्याचा उद्योग ज्याने एकदा तरी जवळून पाहिला आहे, त्याच्या मनात फार काळ टिकणार नाही. युद्ध ही त्यातली अगदी शेवटची गोष्ट. तत्पूर्वी हद्दी कायम कराव्या लागतात, पत्ते वाटावे लागतात, वहिवाटीचे तंटे तोडावे लागतात, नाक्यावरचे परवाने काढावे लागतात. आणि हे सारे यथासांग पार पडून जर रात्र शिल्लक उरली, तर ज्याला ज्याचे गाव जाळायचे असेल त्याने ते जाळावे. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे काही नसले, तरी समाधान वाटण्यासारखे पुष्कळ होते, हे मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो.

प्रकरण २००४ सालच्या दिवाळीच्या सुटीतले. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात आमचे बिऱ्हाड आहे त्याच्या माडीवर चिरंजीवांचा संगणक. नाशिकहून सुटीला आलेल्या पुतण्याने आपला संगणक, सतरा इंची काचेच्या पडद्यासह, दोन गोधड्यांत गुंडाळून एस. टी.ने आणलेला, आणि त्या गाठोड्याकडे पाहून कंडक्टरने "आजारी कोण आहे?" अशी पृच्छा केलेली, चौकापलीकडे राहणाऱ्या वकीलसाहेबांच्या नातवाचा तिसरा, आणि चौथा माझा, ज्याच्यावर मी निवृत्तिवेतनाचा हिशेब ठेवतो व जो घरातील तरुण मंडळींच्या मते संगणक या संज्ञेस पात्रच नाही. बिनतारी जोडणी तेव्हा बाजारात येऊन चुकली होती. परंतु सेकंदाला अकरा मेगाबिट वाहून नेण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या त्या लहरींना पुण्याच्या वाड्याची दोन फूट जाडीची भिंत आधी कोणी दाखवलेली नसावी. तेव्हा तारच ठरली.

तार आणण्यासाठी तापकीर गल्लीत जाण्यापूर्वी वाडा मोजणे प्राप्त होते. या जातीच्या तारेची एक लांबी कमाल शंभर मीटर असावी असा दंडक आहे, म्हणजे आमच्या जुन्या तेहतीस फुटी साखळीने जवळजवळ दहा साखळ्या. आणि माडीपासून चौक ओलांडून वकीलसाहेबांच्या खिडकीपर्यंतचे अंतर, तार जिन्याच्या कठड्यावरून फिरवून नेली तरी, त्याच्या पाव हिश्श्याहून अधिक भरत नव्हते. एवढ्या मोजणीवर मुलांचे समाधान झाले. मी मात्र कच्चा नकाशा काढून त्यावर दिशा दाखवल्या, कारण ज्या कामाचा नकाशा दप्तरी नाही त्या कामाचा तंटा पुढे पुराव्याअभावी फार लांबतो.

तारेच्या निळ्या सालीखाली काय असते हे मी प्रथमच पाहिले, आणि पाहताच मला आपल्या जुन्या कचेरीची आठवण झाली. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी परस्परांना पीळ देऊन बसलेली. हा पीळ जितका एकसारखा तितका बाहेरच्या विजेच्या गोंगाटाचा उपद्रव कमी. पुतण्याने साल दातांनी सोलली (त्यासाठी हत्यार मिळते, आणि ते आम्ही विकतही घेतले होते), पीळ सोडवून तारा चिमटीत सपाट केल्या, आणि एखादा मंत्र पुटपुटावा तसा क्रम म्हणू लागला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीची ताटातूट करून मध्ये निळी जोडी का बसवायची, असा रास्त प्रश्न मी केला असता कळले की मधल्या दोन जागा पूर्वापार टेलिफोनच्या वहिवाटीच्या आहेत व त्यांना हात लावायचा नाही. पूर्वापार वहिवाट म्हटल्यावर माझी हरकत अर्थातच संपली. मग त्याने त्या आठ तारा पारदर्शक टोपीत सरकवल्या, टोपी क्रिंपरच्या जबड्यात धरली आणि कटकन दाबली. दुसऱ्या टोकालाही तेच केले. परीक्षायंत्राचे आठही दिवे एकापाठोपाठ एक लागले. पण खरी मौज पुढेच होती. सेकंदाला शंभर मेगाबिटांच्या या व्यवहारात काम करतात त्या पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी अशा फक्त चार तारा. उरलेल्या चार केवळ हजेरीपटावर असतात. हजार मेगाबिटांचा वेग मागितला तर मात्र आठही कामाला लागतात म्हणे. आयुक्तसाहेबांच्या तपासणीच्या दिवशी आमच्या कचेरीतही नेमके हेच घडत असे.

तार चौक ओलांडू लागताच वकीलसाहेबांची हरकत आली. ते निवृत्त असले तरी त्यांची हरकत निवृत्त झालेली नाही. नातवाच्या खेळाला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो त्यांच्या दाराच्या चौकटीवरून परक्याची तार जाण्याला, कारण आज तार जाते, उद्या तिच्यावर लुगडे वाळत पडते, आणि वीस वर्षांनी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली तो हक्क होऊन बसतो. "रावसाहेब, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही," ते मला म्हणाले, "पण हेतू वारसांकडे जात नाही, वहिवाट जाते." हे म्हणणे इतके बिनतोड होते की मी तत्काळ लेखी लिहून दिले: सदर तार मालकांच्या परवानगीने व मर्जी असेपर्यंतच आहे, तिजवर कपडे वाळत घातले जाणार नाहीत. मुले तोपर्यंत तार ओढून मोकळीही झाली होती. त्यांच्या पिढीला परवानगी ही कामानंतर घ्यायची वस्तू वाटते.

सर्व तारा जिथे एकत्र यायच्या ती पेटी ठेवण्यास विजेची मोकळी जागा नेमकी देवघराच्या कोनाड्यात निघाली. "अहो, देवांजवळ हे काय मिचमिचतंय?" असे विचारले गेले, परंतु लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या नोंदवहीबरोबर त्या पेटीलाही हळदकुंकू लागले, आणि त्यातले काही पाचव्या छिद्रात उतरल्यामुळे ते छिद्र कायमचे सेवानिवृत्त झाले. आठातली सात उरली. चालते.

ही पेटी दुसरी. पहिली पुतण्याने कोणाकडून तरी मागून आणलेली होती, आणि तिचा स्वभाव असा की एका तारेतून आलेला मजकूर ती बाकीच्या सर्व तारांत बिनदिक्कत ओतत असे. ज्याचा असेल त्याने घ्यावा, इतरांनी कान बंद करावेत. त्यात दोघे एकदम बोलले की दोघांचेही शब्द वाया जात. अशा प्रसंगी काय करावे याचे उत्तर १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ या गृहस्थांनी, हवाई बेटांवरच्या रेडिओजाळ्याचा धडा समोर ठेवून, जी इथरनेट पद्धत योजली तिच्यात दिलेले आहे: बोलण्यापूर्वी ऐकावे, कोणी बोलत असेल तर थांबावे, तरीही टक्कर झालीच तर दोघांनीही गप्प बसून, प्रत्येकाने चिठ्ठी टाकल्यागत निघेल तितका वेळ थांबून पुन्हा आरंभ करावा. यंत्रांनी हा शिरस्ता इतक्या वर्षांपूर्वी आत्मसात केला. आमच्या वाड्याच्या भाडेकरूंच्या सभेत तो ठराव म्हणून मांडायलाही कोणी धजणार नाही. नवी पेटी मात्र शहाणी. कोणते यंत्र कोणत्या छिद्राशी आहे याची ती स्वतःच टिपणे ठेवते आणि ज्याचे टपाल त्यालाच पोहोचवते. डूम नावाचा जो खेळ १९९३ च्या डिसेंबरात निघाला त्याच्या पहिल्या आवृत्तीत याच्या उलट प्रकार होता: प्रत्येक हालचालीची दवंडी संपूर्ण जाळ्यात पिटली जात असे, त्यामुळे चार जण एका कोपऱ्यात बसून राक्षस मारू लागले की साऱ्या संस्थेचे कामकाज खोळंबे. त्या काळच्या व्यवस्थापकांनी खेळावर बंदी घातली यात मला तरी अरसिकता दिसत नाही. दवंडीचा खर्च शेवटी गावावरच पडतो.

आता पत्त्यांकडे येतो, कारण तिथे माझे मन खरे रमले. प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा एक पत्ता लागतो, आणि प्रत्येक आकडा शून्यापासून २५५ पर्यंतचा. जगाच्या पाठीवर असे सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. त्यातले काही पट्टे १९९६ साली कोणाच्याही मालकीचे नाहीत आणि सर्वांच्या वापराचे आहेत असे जाहीर झाले. १९२.१६८ ने सुरू होणारा पट्टा त्यातलाच. हे शुद्ध गायरान. आपल्या हद्दीत कोणीही वापरावे, वेशीबाहेर त्याला कोणी ओळखणार नाही. पुतण्याने मला २५५.२५५.२५५.० असा आणखी एक आकडा दाखवून त्याला 'मास्क' म्हणतात असे सांगितले व समजावण्यासाठी कागद-पेन्सिल मागितली. पण त्याची गरज पडली नाही. पहिले तीन आकडे म्हणजे गाव, चौथा म्हणजे सर्व्हे नंबर. शून्य हे खुद्द गावाचे नाव, २५५ ही दवंडी. राहिले २५४ खातेदार. इतकी स्वच्छ आकारणी मी आमच्या तालुक्यात कधी पाहिली नाही.

मात्र त्याच दप्तरात एक नोंद अशी आढळली की माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. १२७ या आकड्याने सुरू होणारे सर्वच्या सर्व पत्ते, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक, एकाच प्रयोजनासाठी तोडून दिलेले आहेत: यंत्राला स्वतःशी बोलता यावे म्हणून. व्यवहारात त्यांतला एकच, १२७.०.०.१, वापरला जातो. बाकीचे इनाम पडीक. पत्त्यांचा जगभर तुटवडा असल्याची हाकाटी एकीकडे आणि स्वगतासाठी एवढी जहागीर दुसरीकडे! इनामे खालसा करण्याच्या काळात मी नोकरीत होतो. ही नजरेतून कशी सुटली असती?

आणि सरकारने पत्ता दिलाच नाही तर? तर यंत्र वाट पाहून कंटाळते आणि १६९.२५४ च्या पट्ट्यात स्वतःच एक जागा धरून बसते. अतिक्रमण म्हणजे अतिक्रमण. फक्त बसण्यापूर्वी ते शेजारी कोणी आहे का एवढी चौकशी करते, जी पुण्यात कोणी करत नाही.

वकीलसाहेबांच्या नातवाची तार जोडताच दोन पडद्यांवर एकाच वेळी फिर्याद उमटली की या पत्त्यावर दुसरा इसम हक्क सांगत आहे. १९२.१६८.०.१ हा पत्ता चिरंजीवांनी पहिल्या दिवसापासून घेतला होता, आणि नातवाच्या यंत्रालाही तोच पत्ता आधीपासून लागलेला होता. दोघांनाही एक नंबरच हवा; अकरा किंवा सतरा घेतल्याने युद्धात काही उणे पडत नाही, हे दोघांनाही मान्य, पण आपल्या बाबतीत अमान्य. प्रकरण माझ्यापुढे चालले. नातवातर्फे वकीलसाहेब स्वतः उभे राहिले आणि त्यांनी सवयीने प्रतिकूल ताब्याचा मुद्दा उपस्थित केला. त्यासाठी बारा वर्षांचा अखंड ताबा लागतो आणि अशील स्वतः अकरा वर्षांचा आहे, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले तेव्हा त्यांनी पुढची तारीख मागितली. ती नामंजूर झाली. उभय पक्षांचे ऐकून मी असा हुकूम केला की एक हा क्रमांक, रूढीप्रमाणे, भविष्यात वाड्याला वेस पाडून बाहेरच्या महाजालाशी दळणवळण सुरू झाल्यास त्या वेशीसाठी सरकारजमा ठेवावा; चिरंजीवांना अकरा, पुतण्यास बारा, नातवास तेरा व अस्मादिकांस चौदा असे पत्ते लावावेत. गाव नमुना सहाच्या धर्तीवर आखलेल्या वहीत मी ते फेरफार तांबड्या शाईने प्रमाणित केले. मुले हसली, पण पुढे कोणाचा कोणता पत्ता हे विसरल्यावर त्याच वहीकडे धावली.

एवढे झाले तरी यंत्रे एकमेकांना दिसेनात. माझ्या जुन्या यंत्राला हाक मारली की ते लगेच 'ओ' देई, आणि किती सहस्रांश सेकंदात दिली हेही कळवी. पण तिघांची नवी यंत्रे स्वस्थ. कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीची जी दुसरी मोठी पुरवणी निघाली तिच्याबरोबर देवडीवर एक पहारेकरी आपोआप बसवलेला होता, आणि ओळख असल्याखेरीज तो कोणालाच आत सोडत नव्हता. आमच्या खेळाला ४७६२४ हा एक दरवाजा आणि २३०० पासून २४०० पर्यंतचे दरवाजे लागत. खेळाच्या नावाने परवाना निघाला, पहारेकरी बाजूला झाला. मुलांनी त्याला फार बोल लावले. मला तो घरात सर्वांत कर्तव्यदक्ष वाटला.

खेळ होता एज ऑफ एम्पायर्सचा १९९९ साली निघालेला दुसरा भाग: जंगल तोडावे, शेती करावी, सोने खणावे, वस्ती वाढवावी, आणि मग शेजाऱ्याची वस्ती उद्ध्वस्त करावी. यात शेकडो सैनिक एकाच वेळी धावत असतात. त्या प्रत्येकाचा ठावठिकाणा क्षणोक्षणी दुसऱ्याला कळवायचा म्हटले तर, खेळ रचला गेला त्या काळच्या टेलिफोनवरच्या जोडणीतून ते कालत्रयी शक्य नव्हते. म्हणून रचनाकारांनी जी तजवीज केली ती ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. प्रत्येक यंत्र संपूर्ण युद्ध आपापल्या दप्तरात स्वतंत्रपणे लढते. तारेवरून जातात ते केवळ हुकूम. काळाचे बारीक हप्ते पाडलेले असतात, सुमारे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचा एक, आणि या हप्त्यात दिलेला हुकूम तत्काळ अमलात येत नाही. सर्वांकडे त्याची नक्कल पोहोचावी म्हणून तो दोन हप्ते पुढे सर्वत्र एकसमयावच्छेदे बजावला जातो. लाल फितीची ज्यांनी आयुष्यभर टवाळी केली त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. आणि सर्व दप्तरे अक्षरशः जुळली पाहिजेत: एका यंत्रात हरिण पाऊलभर डावीकडे उभे राहिले, त्यामुळे शिकाऱ्याचा भाला चुकला, त्यामुळे कोठारात मांस कमी आले, तर त्या क्षणी जगाचे दोन इतिहास होतात, तेरीज लागत नाही, आणि खेळ बंद पडतो.

या व्यवस्थेचा एक परिणाम असा की सर्वांचा वेग सर्वांत मंद यंत्राच्या वेगाने ठरतो. खेळाच्या खोक्यावर किमान पात्रता म्हणून १६६ मेगाहर्ट्झचे पेंटियम व ३२ एमबी स्मृती एवढीच अपेक्षा छापलेली होती, आणि माझे यंत्र ती अगदी काठावर पूर्ण करीत होते. तेव्हा चिरंजीवांचे तेजस्वी यंत्र, पुतण्याचे त्याहून तेजस्वी यंत्र, त्यांचे स्वार, त्यांचे हत्ती, त्यांच्या दगड फेकणाऱ्या तोफा, हे सारे माझ्या यंत्राचा हिशेब पुरा होईपर्यंत एक पाय उचलून उभे राहात. "बाबा, तुम्ही नुसते बघा ना," अशी विनंती आली. "काका, तुमच्याऐवजी संगणकच खेळू दे," अशी दुसरी आली. परंतु वडीलधाऱ्यांसाठी थांबणे ही गोष्ट जिथे यंत्राच्या रचनेतच घातलेली आहे तिथून उठून जाण्याइतका मी विरक्त नाही.

मी खेळलो, म्हणजे कारभार केला. एका शेतास साठ लाकूड खर्च आणि एकशे पंचाहत्तर धान्य उत्पन्न, त्यानंतर जमीन पडीत. एका घरात पाच माणसे. हे दर मी वहीत उतरवून घेतले आणि एकही शिपाई न ठेवता गाव भरभराटीला आणले. नऊ वाजता नातवाला झोपायला पाठवून त्याच्या खुर्चीत वकीलसाहेब बसले, आणि आमचा दोघांचा तह झाला. त्यांना सोने कमी पडले. मी शंभर मोहरा पाठवल्या तेव्हा माझ्या खजिन्यातून एकशे तीस गेल्या, कारण खंडणी पाठवण्यावर शेकडा तीस दस्तुरी बसते. नाणी पाडण्याची विद्या हस्तगत केल्यास ती वीस होते, आणि पेढी काढल्यास माफ. ही तीसची रक्कम घेणाऱ्याने सोसावी असे मी त्यांना कळवले. पाठवणाऱ्यानेच सोसण्याचा रिवाज आहे असे त्यांनी कळवले. हा पत्रव्यवहार चालू असताना पूर्वेकडून पुतण्याचे हत्ती आणि पश्चिमेकडून चिरंजीवांचे स्वार आले आणि दोन्ही गावे बेचिराख झाली, परंतु त्यामुळे मूळ मुद्द्याला कोणतीही बाधा येत नाही, याविषयी आम्हा उभयतांचे एकमत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शंभर मेगाबिटांची तार डोक्यावरून जात असताना, वकीलसाहेबांचे सविस्तर लेखी उत्तर बंद लिफाफ्यात, पोचवहीसह, नातवाच्या हाती चौक ओलांडून आले. मी पोच दिली. मजकूर अमान्य, असा शेरा मारून.